बेहेऱ्यांची 'वा'

दीनानाथ बेहेरे यांच्या मालकीच्या म्हणाव्यात अशा गोष्टी फार नव्हत्या. कोथरूडला फ्लॅट होता, पण तो पद्मजाबाईंच्या नावावर. स्कूटर होती, ती मुलगा केदार अमेरिकेला जाताना मागे ठेवून गेला म्हणून. चिंचवडच्या कारखान्यातली खरेदी विभागातली खुर्ची आपली आहे असं त्यांना उभा जन्म वाटत होतं. पण परदेशी कंपन्या देशात आल्या, कारखान्याने माणसं कमी करायचं ठरवलं आणि स्वेच्छानिवृत्ती अशा गोड नावाखाली ती खुर्चीही गेली. उरल्या एकट्या उमाताई कारखानीस. त्या मात्र बेहेऱ्यांच्या होत्या. हे उमाताईंना माहीत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

उमाताई गायच्या. वाईला राहायच्या, चार मुलींना शिकवायच्या आणि कुणी बोलावलं तर पुण्यात येऊन तीसचाळीस माणसांपुढे ख्याल मांडायच्या. त्यांचं नाव मोठं झालं नाही. का झालं नाही याची कारणं बेहेरे विचारणाऱ्याला तर सांगतच, न विचारणाऱ्यालाही सांगत. बाईंना पुढेपुढे करता येत नाही, यजमान आजारी, गाव लहान, आणि पुण्याचे लोक बहिरे. पण खरं सांगायचं तर नाव मोठं झालं नाही याचा त्यांना मनातून आनंदच होता. मोठ्या नावाची माणसं सगळ्यांची असतात. मांडव घालून हजारो लोक ज्यांना ऐकतात त्यांच्यावर एकट्याने हक्क काय सांगणार? कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणी एखाद्या नामांकित गवयाची तारीफ सुरू केली की बेहेरे डबा बंद करत आणि म्हणत, "तुम्ही उमाताईंना ऐकलं नसेल." ऐकलेलं नसायचंच. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते बोनसच्या दिवशीही कुणी पाहिलं नव्हतं.

आणि त्यांच्याकडे कॅसेट होती. चौऱ्याऐंशी साली नारायण पेठेत एका डॉक्टरांच्या घरी उमाताईंची सकाळची बैठक झाली, तेव्हा बेहेरे पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते आणि मांडीवर टेपरेकॉर्डर होता. उमाताईंनी तोडी गायली. अंतऱ्यात त्या हळूहळू वर चढत गेल्या, वरच्या षड्जावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि बेहेऱ्यांच्या तोंडून जी 'वा' निघाली ती पोटातून निघाली. टेपरेकॉर्डर मांडीवर आणि तोंड त्याच्या वर, त्यामुळे कॅसेटवर ती 'वा' उमाताईंपेक्षा मोठी ऐकू येते. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. बेहेऱ्यांना मात्र तो आपल्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण वाटे. गाणं उमाताईंचं, पण त्यात आपणही आहोत, आणि नेमक्या जागी आहोत, असं त्यांचं म्हणणं.

पुढे उमाताईंचे यजमान अंथरुणाला खिळले आणि बाईंनी बाहेर गाणं बंद केलं. बेहेऱ्यांपुरत्या त्या कॅसेटमध्ये राहायला आल्या. रोज सकाळी चहा झाला की तोडी लागायची. तो षड्ज आला की कॅसेटमधले बेहेरे 'वा' म्हणायचे आणि खुर्चीतले बेहेरेही त्यांच्याबरोबर 'वा' म्हणायचे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या पद्मजाबाईंना एका मागोमाग एक दोन नवरे ऐकू यायचे.

पद्मजाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्या उमाताईंना 'आमच्या सवतबाई' म्हणत. सुरुवातीला त्यात थोडा राग होता, नंतर नुसती थट्टा उरली. लग्नानंतरच्या वर्षांत त्या दोनतीनदा म्हणाल्या होत्या, मलाही न्या की एखाद्या बैठकीला. बेहेरे दरवेळी शांतपणे सांगत, "तुला कंटाळा येईल." पुढे पद्मजाबाईंनी विचारणं सोडलं. बेहेऱ्यांना वाटलं, बरोबरच होतं आपलं.

मग त्यांच्या डोक्यावर योगेश काळमेघ राहायला आला. सोसायटीत तेव्हा नवी माणसं येऊ लागली होती. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाणारा हा यवतमाळकडचा पोरगा, आला तो वरचे दोन्ही फ्लॅट घेऊन मधली भिंतच पाडून मोकळा झाला. भिंत पडत होती ते आठ दिवस बेहेऱ्यांनी तोडी दारंखिडक्या लावून ऐकली आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा भेटले. तेव्हापासून योगेश त्यांच्या डोळ्यात खुपत होता. खुपायला योग्य कारण तोवर मिळालं नव्हतं, ते लवकरच मिळालं.

एका रविवारी दाराची बेल वाजली. योगेश उभा होता. रोज सकाळी खिडकीतून गाणं ऐकू येतं, ते कुणाचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. बेहेऱ्यांनी नाव सांगितलं, तेही हातचं राखून, नुसतं आडनाव. पद्मजाबाईंनी आतून पूर्ण नाव सांगितलं, गावही सांगितलं आणि पोराला पोहे दिले. योगेश म्हणाला की आपल्याला गाण्यातलं काहीच समजत नाही, घरी कुणी कधी ऐकलं नाही, पण हे ऐकल्याशिवाय आता ऑफिसला जाववत नाही. एक दिवस कॅसेट मिळाली तर तिची सीडी करून देतो, म्हणजे ती कधी खराब व्हायची नाही.

"ही कॅसेट घराबाहेर जात नाही," बेहेरे म्हणाले.

योगेशने मान डोलावली आणि पोहे संपवले. तो गेल्यावर पद्मजाबाई म्हणाल्या, खिडकी तर उघडी असते तुमची. त्या दिवसापासून बेहेरे तोडी खिडकी लावून ऐकू लागले.

दोनअडीच महिने गेले. डिसेंबरच्या शेवटी योगेश पुन्हा दारात आला, या वेळी पेढे घेऊन. तो वाईला जाऊन आला होता. गाडी काढली, घाटावर चारदोन ठिकाणी विचारलं, घर सापडलं, बेल वाजवली. बाईंनी चहा दिला, तासभर गप्पा मारल्या. यजमानांना जाऊन वर्ष झालं होतं, शिकायला येणाऱ्या मुली मागे लागल्या होत्या की गा म्हणून. संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी त्या योगेशच्या घरी गाणार होत्या. चाळीसेक माणसं, माइक नाही.

"तुमच्यामुळेच झालं ना काका हे," योगेश म्हणाला. "मी तर रोज जिन्यात उभा राहून ऐकून राहिलो होतो. खिडकी बंद केली तुम्ही, तर दाराच्या फटीतून येते आवाज."

बेहेऱ्यांनी पेढा घेतला आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं, ते पेढ्याने नाही. वाई पुण्यापासून दोन तासांवर. इतक्या वर्षांत बेहेरे महाबळेश्वरला गेले, साताऱ्याला लग्नाला गेले, मेणवलीचा घाट पाहून आले, पण उमाताईंच्या दारात गेले नाहीत. रसिकाने कलावंताच्या दारात जाऊ नये असा त्यांचा नियम होता. नियम त्यांनीच केला होता, आणि भीतीने केला होता. गेलो, आणि बाईंनी विचारलं, आपण कोण, तर? आणि हा कालचा पोरगा, ज्याला तोडी आणि भूप यातला फरक विचारला तर दोन्ही गावांची नावं वाटतील, तो उठतो, बेल वाजवतो आणि बाईंच्या हातचा चहा पिऊन येतो.

त्यांनी जायचंच नाही असं ठरवलं. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मनात आलं की आपण नाही गेलो तर बाई षड्जावर येऊन उभ्या राहतील आणि समोर 'वा' म्हणायला माणूसच नसेल. चौऱ्याऐंशी साली बाईंनी डोळे उघडून पाहिलं होतं, अगदी त्यांच्याकडेच पाहिलं होतं. कुठलाही गाणारा समोरच्या गर्दीत एक चेहरा निवडतो आणि त्याच्यासाठी गातो, हे जाणकार सांगतात. उमाताईंचा चेहरा आपण, याबद्दल बेहेऱ्यांना शंका नव्हती. त्या ओळखतील. नक्की ओळखतील. आणि ते योगेशच्या देखत झालं तर हवंच होतं.

रविवारी बैठक साडेआठची होती. बेहेरे सातलाच वर गेले. योगेशच्या घरात अजून सतरंज्या अंथरल्या जात होत्या. त्यांनी मधोमध, बैठकीच्या अगदी समोरची जागा धरली. मागे भिंतीशी वयस्करांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांचे गुडघे खुर्चीच मागत होते, पण खुर्चीतून दिलेली दाद गाणाऱ्यापर्यंत पोचत नाही असं त्यांचं मत होतं. पद्मजाबाईंना योगेशच्या बायकोने, रुपालीने, आग्रहाने बोलावलं होतं. त्या वर आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. बेहेऱ्यांना हायसं वाटलं.

उमाताई आठला आल्या. केस पांढरे झाले होते, पाठीला बाक आला होता. बेहेरे गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले. योगेशने ओळख करून दिली: हे बेहेरेकाका, वीस वर्षांपासून तुम्हाला ऐकताहेत, यांच्यामुळेच मला तुम्ही कळलात. उमाताईंनी हात जोडले, "बरं वाटलं" म्हणाल्या आणि तानपुऱ्याच्या खुंट्यांकडे वळल्या. बरं वाटलं! हे तर बाई दारात चप्पल ठेवायला जागा करून देणाऱ्यालाही म्हणाल्या होत्या. बेहेरे परत खाली बसले. बसताना गुडघा वाजला, तो आपल्याला हसला असं त्यांना वाटलं.

मग उमाताई आत गेल्या आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीतून हसणं ऐकू आलं. उमाताईंचं हसणं, आणि त्यात मिसळलेलं पद्मजाबाईंचं. झालं होतं एवढंच, की घसा जड वाटत होता म्हणून उमाताईंनी गरम पाणी मागितलं, पद्मजाबाईंनी त्यात ज्येष्ठमध टाकून दिला आणि इतकी वर्षं वर्गात ओरडून आपण हेच पीत आलो असं सांगितलं. गाणाऱ्या बाईंना शाळेतल्या बाई एकदम आवडून गेल्या. दोघी गुडघ्यांवर बोलल्या, आजारी माणसाचं करताना रात्री कशा जातात यावर बोलल्या, कारण पद्मजाबाईंनी सासूबाईंचं सहा वर्षं केलं होतं. बेहेऱ्यांना शब्द ऐकू येत नव्हते, हसणं तेवढं येत होतं. इतक्या वर्षांत आपल्याला जे एक वाक्य मिळालं नाही, ते हिला एका कपाच्या मोबदल्यात अर्धा तास मिळत होतं. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बैठकीवर बसताना उमाताईंनी पद्मजाबाईंचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे बसा. माझ्यासमोर."

समोर बेहेरे होते. चाळीस माणसं बघत होती. बेहेऱ्यांनी वीतभर सरकून बायकोला जागा करून दिली. वीतभराने पुरेना, म्हणून आणखी वीतभर सरकले. आता बरोबर मधोमध पद्मजाबाई होत्या, बेहेरे त्यांच्या डावीकडे, आणि तबलजींचा डग्गा त्यांच्या तोंडासमोर.

गाणं सुरू झालं. तोडीच होती. आवाज पूर्वीसारखा राहिला नव्हता. वर जाताना मध्येच फाटायचा, मग बाई तिथेच थांबून त्याला वळवून घ्यायच्या. बेहेऱ्यांनी हे सगळं ऐकलं असतं तर त्यांना कदाचित रडू आलं असतं. पण ते उमाताईंचे डोळे बघत होते. बाई डोळे मिटायच्या, उघडायच्या आणि उघडले की नजर जायची पद्मजाबाईंकडे. एकदा नाही, दरवेळी. बेहेऱ्यांनी मान डोलावली, मांडीवर ताल धरला, समेवर हात उचलला, घसा खाकरला. नजर आली नाही. आणि पद्मजा काय करत होती? काहीच नाही. मान नाही, ताल नाही, हात पदरात. पहिल्या बाकावर बसून कुणाचं तरी सांगणं ऐकावं तशी ती ऐकत होती. हिला सम कुठे आहे ते माहीत नाही, विलंबित म्हणजे काय ते माहीत नाही, हिच्याकडे बघून बाईंना मिळतंय काय? बेहेऱ्यांना आयुष्यात पुष्कळांचा हेवा वाटला होता, बढती मिळालेल्यांचा, बंगले बांधलेल्यांचा, आता योगेशचाही. पण आपल्या बायकोचा हेवा वाटेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो वाटत होता, आणि इतरांच्या हेव्यापेक्षा कडू होता, कारण हिला ती नजर जिंकून घ्यायचीही नव्हती. ती आपण होऊन हिच्या पदरात पडत होती.

अंतरा आला. बेहेरे सावरून बसले. आता आपली जागा येणार. ही जागा या खोलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. उमाताई पायरी पायरीने वर चढू लागल्या. कॅसेटवर चढतात तशाच, तीच पायरी, तेच थांबणं. तेवढ्यात बेहेऱ्यांच्या गुडघ्यावर पद्मजाबाईंनी हात ठेवला, अगदी हलका, तळवा खाली दाबून. ही काय वेळ आहे, असं म्हणून बेहेऱ्यांनी तो झटकला. बाई षड्जावर पोचल्या. आणि बेहेऱ्यांनी पोटातून म्हटलं, "वा!"

कॅसेटवर बाई षड्जावरून न थांबता पुढे जात होत्या. आज त्या थांबल्या. तबला चालू होता, तानपुरे चालू होते आणि बाईंनी स्वर सोडून दिला होता. ती 'वा' त्या मोकळ्या जागेत जाऊन एकटीच पडली. मागे कुणी तरी हसलं. उमाताईंनी डोळे उघडले. या वेळी नजर खरोखरच बेहेऱ्यांकडे आली. त्यांच्या ओठांवर हसू होतं. रस्ता ओलांडताना समोरच्या स्कूटरवाल्याला 'जा बाबा तू आधी' म्हणून हात करतात तसा त्यांनी हात केला. मग डोळे मिटले आणि गायल्या.

काय गायल्या? बेहेऱ्यांना कळलं नाही. त्यांचे कान तापले होते. कोण हसलं ते ते बघत होते. खाली सतरंजीवरच्या निळ्या पट्ट्याकडे बघत होते. एवढंच त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या खोलीतून एकदम एक श्वास सुटला. डग्ग्यावरचा हात थबकल्यासारखा झाला. मान वर केली तेव्हा पद्मजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. जे काही झालं ते होऊन गेलं होतं.

बैठक संपल्यावर लोक उपमा खायला उठले. बेहेरे निघून जायच्या विचारात होते, पण पाय आखडले होते. ते भिंतीला धरून उभे असताना उमाताई पद्मजाबाईंचा हात धरून त्यांच्याकडे आल्या.

"आता ओळखलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "चेहरा लक्षात नव्हता. आवाज होता. नारायण पेठेत, डॉक्टरांकडे. तुम्हीच ना ते?"

ज्या वाक्यासाठी बेहेरे इतकी वर्षं जगले ते वाक्य आलं होतं. योगेश शेजारीच उपम्याची बशी घेऊन उभा होता, त्यानेही ऐकलं. "हो, मीच," ते म्हणाले.

"षड्जावरून खाली येताना एक छोटीशी जागा आहे. माझ्या गुरुजींनी मला ती चार वर्षं दिली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांपुढे घेतली, आणि नेमकी तेव्हा तुमची 'वा' आली. ती जागा कुणालाच ऐकू गेली नाही. मलासुद्धा नाही." त्या हसल्या. त्यात राग अजिबात नव्हता, राग असता तर बेहेऱ्यांना सोपं गेलं असतं. "तेव्हापासून मी तिथे जरा थांबते. ज्याला 'वा' म्हणायचंय त्याचं होऊन जाऊ दे, मग गाते. माझ्या मुलीही थांबतात. त्यांना वाटतं, तशीच चाल आहे."

मग त्या पद्मजाबाईंकडे वळल्या आणि पुढच्या महिन्यात वाईला यायचं ते नक्की करा, म्हणाल्या. राहायलाच या. योगेश गाडीने सोडेल. योगेशने हो हो म्हटलं.

खाली एकच जिना उतरायचा होता. बेहेऱ्यांना तो फार लांब वाटला. उमाताईंच्या गाण्यात आपण आहोत असं ते जन्मभर म्हणत आले होते, आणि ते खरं निघालं होतं. नुसतं कॅसेटवर नाही, त्यांच्या गाण्यात, त्यांच्या शिष्यांच्या गाण्यात, पुढेही कदाचित. कुणाही रसिकाला मिळाली नसेल अशी जागा त्यांना मिळाली होती. तिथे गाणं बंद असतं, इतकंच.

संध्याकाळी त्यांनी कॅसेट लावली. या वेळी ते काहीही म्हणणार नव्हते. बाई चढल्या, षड्जावर गेल्या, आणि बेहेऱ्यांची 'वा' धाडकन आली. ती विरली तेव्हा बाई खाली समेवर येऊन पोचल्या होत्या. बेहेऱ्यांनी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली. कान स्पीकरला लावला. आवाज वाढवला, तर 'वा'च वाढली. तिच्याखाली काही तरी होतं, एखाद्या ट्रकखाली रुपया पडलेला असावा तसं, दिसत नव्हतं आणि ट्रक हलत नव्हता. चाळीस माणसांनी ते ऐकलं होतं. योगेशने ऐकलं होतं. उपम्याला फोडणी द्यायची सोडून दारात आलेल्या रुपालीनेही ऐकलं होतं.

पद्मजाबाई समोर बसून गवार मोडत होत्या. आज सकाळपासून त्यांचा चेहरा निराळाच दिसत होता, धुऊन उन्हात वाळत घातल्यासारखा. सकाळी गुडघ्यावर ठेवलेल्या त्यांच्या हाताचा अर्थ बेहेऱ्यांना आता लागला होता. या बाईला ती 'वा' कधी येणार ते त्यांच्याआधी माहीत होतं.

"काय होतं गं तिथे?" त्यांनी विचारलं. "बाई थांबल्या, त्याच्या पुढे?"

पद्मजाबाईंनी शेंग मोडता मोडता थोडा विचार केला. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "एवढंसं तर होतं." आणि त्यांचे डोळे पुन्हा भरून आले, तशाच त्या हसल्या. ते बघून बेहेऱ्यांना इतका हेवा वाटला की क्षणभर त्यांना बायकोकडे बघवेना. तिच्या डोक्यात ते होतं. ती आत्ता, गवार मोडताना, ते ऐकत असणार. आणि त्यांना ते तिच्याकडून काढून घेता येत नव्हतं, उसनंही मागता येत नव्हतं.

बराच वेळ ते कॅसेटचं झाकण उघडत आणि लावत बसले. मग शेवटी म्हणाले, "वाईला मीही येऊ का?"

पद्मजाबाईंनी मोडलेली गवार ताटलीत गोळा केली, शिरा मुठीत घेतल्या आणि उठल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या अगदी शांतपणे, काळजीनेच बोलल्या, जसे बेहेरे इतकी वर्षं बोलत आले होते.

"कशाला? तुम्हाला कंटाळा येईल."

आणि त्या भाजी टाकायला आत गेल्या.